मायच्या छातीतला रोवणा

समस्त प्रवासी बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या मायच्या हृदयातली घंटीची दोरी तुटलेली असून, वरच्या खोलीतला कंडक्टर जीव तोडून घंटी मारत आहे आणि खालच्या खोलीतल्या ड्रायव्हरला त्याचा पत्ताही नाही. प्रवाशांनी घाबरू नये. घाबरण्याचे सर्व काम तिच्या मुलाने स्वतःकडे घेतलेले आहे.

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी हे असं सांगितलं नव्हतं, हे उघड आहे. त्यांनी ई.सी.जी.ची लांब पट्टी टेबलावर पसरली, चष्मा कपाळावर चढवला आणि हळूच म्हणाले, "कम्प्लीट हार्ट ब्लॉक आहे. आजच नागपूरला न्या."

माझा जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेला. "आजच" हा शब्द मी हजारो प्रवाशांच्या आरडाओरड्यात ऐकला आहे. इतक्या हळू आवाजात पहिल्यांदाच ऐकला.

ब्लॉक म्हणजे नळी तुंबणं, एवढंच मला ठाऊक. डॉक्टर म्हणाले, "नळी नाही, वायरिंग. हृदयाचा वरचा कप्पा विजेचा इशारा देतो, तो खालच्या कप्प्यात पोचला की खालचा कप्पा आवळतो. यांचा इशारा मधेच अडतो. खालचा कप्पा आपल्या मनानं, अगदी सावकाश चालतोय. म्हणून चक्कर येते, शुद्ध जाते. पेसमेकर बसवावा लागेल." पेसमेकर म्हणजे काडेपेटीएवढं, बॅटरीवर चालणारं यंत्र, ते हृदयाला वेळेवर टोचणी देतं.

घंटी, दोरी, ड्रायव्हर. मला एका क्षणात सगळं समजलं. एवढं नीट समजलं नसतं तर बरं झालं असतं.

माय बाजूच्या स्टुलावर बसली होती. सत्तरीची, काटक, कोपरापर्यंत हिरवं गोंदण. ती म्हणाली, "झालं का जी डॉक्टर? मले बाराच्या गाडीनं जाऊ द्या. मोहफुलं वाळू घातली आहेत आंगनात."

तर त्या मोहफुलांपासूनच सांगायला हवं, कारण अर्धा घोळ त्यांनीच केला.

आमचं गाव वडशाच्या पुढं, कुरखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. रस्त्याच्या एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, दुसऱ्या अंगाला जंगल. चैत्रात भल्या सकाळी बाया टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला जातात. त्या वर्षी माय झाडाखाली वेचता वेचता पडली. मिनिटभरात उठलीही. पण मोहाच्या झाडाखाली, सकाळी सकाळी, माणूस आडवं झालेलं दिसलं की आमच्या भागात त्याचा एकच अर्थ निघतो: मोहाची दारू चढली.

"सोनाबाई, फुलं वेचाले गेली होती का रस चाखाले?" शेजारची पार्वताबाई म्हणाली, आणि सगळ्या बाया हसल्या. मायही हसली. मी तर सगळ्यांत जास्त हसलो आणि ती गोष्ट बसमध्ये चार गावांना सांगितली.

त्या हसण्यामुळं पुढच्या वेळी पडल्यावर तिनं कोणाला सांगितलंच नाही. विहिरीपाशी डोळ्यांपुढं अंधारी आली, ती काठ धरून बसून राहिली. "काऊन बसली?" म्हटलं तर "पाय दुखून रायला" म्हणे. शेवटी चुलीपाशीच कोसळली, कपाळाला खोक पडली, तेव्हा आम्ही ब्रह्मपुरी गाठली. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असं अचानक पडलं आणि अचानक उठून बसलं, तर कृपा करून विनोद नंतर करा. आधी मनगटावर बोटं ठेवून नाडी बघा. मायची नाडी माझ्या गाडीपेक्षा हळू होती, आणि माझी गाडी दर फाट्यावर थांबणारी जनता गाडी होती.

नागपूरला आम्ही जीपनं गेलो. सोबत कादरभाई. कादरभाई माझे ड्रायव्हर. ब्रह्मपुरीच्या मोमीनपुऱ्यात घर, आणि वर्षानुवर्षं आमची जोडी एकाच गाडीवर. मी घंटी मारतो, ते ऐकतात. आमच्या हृदयात कधी ब्लॉक आला नाही. त्या दिवशी रजा टाकून ते मायच्या उशाशी बसले, आणि वाटभर तिची नाडी धरून ठेवली. मधूनच म्हणायचे, "है है, चालू है." माय म्हणाली, "कादर, माहा हात सोड गा, मले पान खाऊ दे."

मोठ्या दवाखान्यात पहिल्याच रात्री तिच्या मांडीतल्या शिरेतून एक वायर हृदयापर्यंत नेली. त्याला टेम्पररी पेसमेकर म्हणतात. खरं यंत्र बसेपर्यंतची बदली गाडी समजा. तिचा चेहरा तासाभरात बदलला. ओठांचा काळपटपणा गेला. तिनं पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा.

मग वाट पाहणं. दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून माणूस काय काय वाचतो! मी अग्निशमन यंत्राच्या सूचना तोंडपाठ केल्या. पैशाचं काही सांगत नाही. ती गोष्ट सगळ्यांची सारखीच असते आणि रंगत नाही.

दुसऱ्या दिवशी हृदयाचे तरुण डॉक्टर आले. मायच्या खाटेवर बसून समजावू लागले. "आजी, इथे डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली छोटासा कप्पा करायचा आणि त्यात यंत्र बसवायचं. त्याच्या दोन तारा शिरेतून हृदयात सोडायच्या. दुखणार नाही, जागा बधिर करू."

माय विचारात पडली. मग म्हणाली, "बसवाचं का रोवाचं?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. इतर भागांतल्या वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडे धान पेरून सोडत नाहीत. आधी एका वाफ्यात दाट रोपं करतात, त्यांना पऱ्हे म्हणायचं. मग ते उपटून चिखल केलेल्या बांधीत एक-एक चूड लावतात. तो रोवणा. आमची माय रोवण्याची पुढारी. बायांची रांग मागं मागं सरकत रोवते; तिच्या गाण्यावर रांग चालते. लग्न होऊन आली त्या पावसाळ्यापासून तिनं एक रोवणा चुकवला नाही, माझ्या जन्माचं वर्षही त्यात आलं.

"तारा आतमधी नुसत्या ठेवाच्या का धरतीन त्या?" तिनं विचारलं.

"धरतात ना," डॉक्टर खुलले. "सुरुवातीला नाजूक असतात. ओढ बसली तर सुटू शकतात. दीड महिन्यात त्यांच्याभोवती मांस वाढतं, मग घट्ट होतात."

"म्हंजे मूळ धरेपर्यंत हात नाई लावाचा."

"बरोबर."

"मंग रोवणाच म्हना ना जी. बसवाचं काय म्हनता? बसवतेत त गणपती."

डॉक्टर इतके हसले की नर्स डोकावून गेली. आणि मग माय हळूच म्हणाली, तो प्रश्न मी विसरणार नाही. "यंदाच्या रोवण्याले मी बांधीत उतरीन ना जी?"

डॉक्टर म्हणाले, "आधी तुमचा रोवणा होऊ द्या. मग शेताचा बघू."

एवढ्यावर ती ऑपरेशनला तयार झाली. जगेन का, असं तिनं एकदाही विचारलं नाही. ऑपरेशन चालू असताना ती जागीच होती. तिनं डॉक्टरांना दोनदा हटकलं म्हणे: "वर वर नका रोवू, खोल रोवा." बाहेर आलेल्या नर्सनं हे सांगितलं, कादरभाईंनी ऐकलं, आणि आम्ही ब्रह्मपुरीला परतायच्या आत डेपोभर झालं. स्टँडवरचा चहावालासुद्धा विचारू लागला, "काय देवराव, मायचा रोवणा झाला का?"

घरी सोडताना डॉक्टरांनी सूचना दिल्या. डावा हात दीड महिना खांद्याच्या वर न्यायचा नाही, त्या हातानं जड उचलायचं नाही. जखम ओली करायची नाही. टीव्ही, रेडिओ, पंखा, काहीही चालेल. वेल्डिंगच्या मशीनपासून लांब राहायचं. मोबाइल असेल तर डाव्या खिशात नको. यंत्राचं कार्ड जवळ ठेवायचं. रोज मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघायची. मायला नाडी बघायला शिकवलं, तर ती वॉर्डातल्या सगळ्यांची बघून आली.

आता माझ्या कारभाराकडे वळू. घरी आल्याबरोबर मी डेपो मॅनेजर झालो. हात वर नको म्हणताच मी तो दुपट्ट्यानं गळ्याशी बांधूनच टाकला. रेडिओ चालतो म्हटलं होतं, तरी मी तो शेजारी देऊन टाकला. विजेची पीठगिरणी गावाच्या टोकाला. त्या रस्त्यानं जायला बंदी. वाकायचं नाही, झाडायचं नाही, पायरी एकटीनं उतरायची नाही, मोठ्यानं हसायचं नाही. कादरभाई म्हणाले, "श्वास घ्यायला पास लागते का रे?" मी म्हटलं, विचार करतो.

गंमत म्हणजे, मायनं सगळं ऐकलं. ही बाई, जिनं माझ्या बापाचंही कधी ऐकलं नाही, ती खाटेवर बसून राहिली. मला फार अभिमान वाटत होता. बायको, सुमन, एकदा म्हणाली, "अवो, मायचं बोलणं कमी होऊन रायलं." मी म्हटलं, आराम आहे तो.

हळूहळू तिची भाकर कमी झाली. मांड्या सैल पडल्या. ओसरीच्या पायऱ्या चढून आली की धापा टाकू लागली. अंगणातून बाया जात, त्यांना ती हाक मारीनाशी झाली. पार्वताबाई एक दिवस उभी राहिली आणि म्हणाली, "काय वो सोनाबाई, मशीन तुले लावली का तू मशीनले?" माय हसली नाही. ते मात्र मला टोचलं.

दीड महिन्यानं तपासणीला गेलो. डॉक्टरांनी यंत्रावर एक वाटोळी चकती ठेवली आणि बाजूच्या डब्यावर आकडे वाचले. "यंत्र उत्तम." मग हात वर करायला सांगितला. हात अर्ध्यावर अडला. माय कळवळली.

"हे काय?"

"बांधून ठेवला होता," मी अभिमानानं सांगितलं.

"हात वर नेऊ नका म्हटलं होतं. बांधून ठेवा कोण म्हणालं? खांदा आखडलाय. आणि पाय बघा यांचे. यंत्र मी चांगलं बसवलं, तुम्ही पेशंट गंजवलात. हृदयाला वेग मिळावा म्हणून यंत्र आहे. वेग वापरणारच नसतील तर कशाला बसवलं?"

त्यांनी मला पुन्हा समजावलं. मायचा वरचा कप्पा शाबूत आहे. ती चालली, कामाला लागली, की तो आपोआप जलद घंटी मारतो. यंत्र ती घंटी ऐकून खाली पोचवतं. म्हणजे चढ आला तर गाडी चढावर चालेल. फक्त रोज थोडी थोडी चालवली पाहिजे. चालणं, घरकाम, शेतकाम, सगळं हळूहळू वाढवत न्या. चक्कर आली, धाप लागली, यंत्राची जागा लाल झाली, तर लगेच या. नाहीतर जगू द्या.

तेव्हा माय महिन्याभरात पहिल्यांदा सरसावून बसली. "डॉक्टर, मूळ धरलं ना जी?"

"धरलं, आजी."

"वाकलं त सांडणार नाई ना?"

"नाही."

"अन् हे धान हलकं का भारी?"

डॉक्टर पुन्हा माझ्याकडे. मी सांगितलं, हलकं म्हणजे लवकर कापणीला येणारं, भारी म्हणजे उशिरा येणारं. यंत्र किती चालेल, विचारते आहे.

"भारी," डॉक्टर म्हणाले. "बॅटरी आठ-दहा वर्षं सहज चालेल. मग जुनी काढून नवी बसवू... रोवू."

"मंग बराय," माय म्हणाली. "हलकं असतं त मी घाई केली असती."

त्या दिवसापासून ती चालू लागली. आधी अंगणात. मग विहिरीपर्यंत. मग गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत, जिथं आमची गाडी थांबते. रोज सकाळी मी गाडीच्या दारात उभा असायचो आणि ती फाट्यावरच्या पळसाखाली, मनगटावर दोन बोटं ठेवून. कादरभाई हॉर्न वाजवायचे. ती हातानं "जा, जा" करायची; आधी छातीपर्यंत, मग खांद्यापर्यंत, आणि एक दिवस तो डावा हात डोक्याच्या वर गेला. मी गाडीत निघायची डबल घंटी मारली. गाडी आधीच चालू होती. कादरभाई म्हणाले, "कायले मारली?" मी म्हटलं, राहू दे.

तिची भाकर वाढली. रेडिओ परत आला. बायांना हाका सुरू झाल्या. गिरणीच्या रस्त्यानं ती मुद्दाम दोनदा गेली.

पण रोवणा म्हटलं की माझं धाबं दणाणायचं. दिवसभर वाकून, गुडघाभर चिखलात, वरून पाऊस! डॉक्टर नागपूरचे. त्यांनी "शेतकाम" म्हटलं, त्यांच्या डोळ्यांपुढं बहुतेक तुळशीला पाणी घालणं असावं. आमचा तह झाला. माय धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या कडेच्या बांधावर, बसेल, गाणं म्हणेल. बांधीत उतरणार नाही. मी वडशाहून प्लास्टिकची खुर्ची आणली, धुऱ्यावर मांडली, खुर्चीच्या पाठीला मोठी काळी छत्री बांधली. "हे काय, मिरवणूक आहे का गा?" ती म्हणाली, पण बसली. म्हणजे मी ड्यूटीवर निघालो तोवर तरी बसली होती.

पुढं जायच्या आधी थोडं मनातलं. पेसमेकर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या मुलांनो, सुनांनो, तुमच्यासाठी हे लिहितो आहे. मी मायला काचेच्या भांड्यासारखं ठेवलं, ते प्रेमानं ठेवलं. अजूनही म्हणतो, माझं चुकलं नव्हतं, फक्त जरा जास्त बरोबर होतं. पण ते यंत्र खाटेवर झोपवून ठेवण्यासाठी नसतं. डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना म्हाताऱ्या माणसालाच विचारू द्या. तो आपल्याला सुचणार नाहीत असे प्रश्न विचारतो. त्या गोष्टीला आता काही पावसाळे झाले. ज्यांनी ते यंत्र शोधलं, त्यांना मी ओळखत नाही. पण कधी आमच्या गाडीत चढले तर त्यांचं तिकीट माझ्याकडून.

तर तो रोवण्याचा दिवस. दुपारची गाडी, रिपरिप पाऊस. फाट्यावर एक म्हातारबुवा उतरायचे होते. मी सिंगल घंटी मारली, गाडी थांबली, दार उघडलं. आमची बांधी तिथून हाकेच्या अंतरावर. मी पाहिलं.

छत्री उघडी. खुर्ची रिकामी.

बांधीत मेणकापडं पांघरलेल्या बायांची वाकलेली रांग. आणि मधोमध, सगळ्यांच्या दोन पावलं मागं, कारण रोवण्यात मागं जाणारा पुढं असतो, मला ओळखीची पाठ दिसली. गाणं ऐकू येत होतं. तिचंच.

"माय!" मी ओरडलो, आणि उडी मारली. खाकी गणवेश, कमरेला पैशाची पिशवी, हातात तिकिटांची पेटी. कंडक्टरकीत पोट कमावलेला माणूस ओल्या धुऱ्यावरून धावतो तेव्हा काय होतं, हे मी सगळ्या गाडीला दाखवलं. खुर्चीपर्यंत पोचलो, तिला अडखळलो, आणि छत्रीसकट ताज्या रोवलेल्या बांधीत तोंडावर पडलो.

गाणं थांबलं. मला उठता येईना. छाती भात्यासारखी चालली होती, तोंडात चिखल, बोलता येईना. बाया सरळ उभ्या राहिल्या. आणि माय चिखल कापत आली, मुळीच धाप न लागता. पऱ्ह्यांची पेंडी तिनं उजव्या हातात घेतली आणि डावा हात पुढं केला. तोच हात. मला वर ओढून बसवलं.

"काऊन आला गा? कोनं बलावलं तुले?"

"तू... खुर्ची... डॉक्टर..."

"बोलू नको. दम घे. हात खांद्याच्या वर नको नेऊ." तिनं माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, डोळे मिटले, ऐकल्यासारखं केलं. "लय जोरानं पळून रायली गा तुही गाडी. अन् चार चुडं मोडले माहे."

रस्त्यावर गाडीच्या सगळ्या खिडक्या माणसांनी भरल्या होत्या. कोणी हसत नव्हतं. सगळे आमच्याकडं बघत होते, दात दिसतील अशी हसणारी माय आणि तिच्या पायाशी चिखलानं माखलेला, हाश्शहुश्श करणारा मी. तेवढ्यात ड्रायव्हरच्या खिडकीतून कादरभाईंचं अर्धं अंग बाहेर आलं आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले:

"अरे माय वो! डॉक्टरनं मशीन चुकीच्या बांधीत रोवली ना बे!"